मागून निघालेलं विमान

"ते तं आपल्या मागून निघाले होते ना मॅडम?"

नागपूरला सोनेगाव विमानतळाच्या एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवर, आमच्या पॅसेंजरनी हे विचारलं. मे महिन्याचा शेवट, संध्याकाळचे सात वाजून गेलेले, पाऊस नुकताच उघडलेला आणि दिवसभर पंचेचाळीस डिग्रीत भाजलेल्या काँक्रीटमधून वाफ निघत होती. मी, चार्टरच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या, छोट्या जेटची पायलट, दरवाजा उघडून पायऱ्या खाली सोडल्या तर समोरच्या स्टँडवर दुसरं एक बिझनेस जेट उभं, इंजिनांना कव्हर लावून झालेली, त्यांचे लोक गाडीत बसून गेलेसुद्धा होते. मुंबईला विमानतळाच्या कालिना बाजूला ते विमान आमच्या नंतर स्टार्ट झालेलं आमच्या पॅसेंजरनी खिडकीतून पाहिलं होतं. रागावून नाही विचारलं त्यांनी, आवाजात टोमणाही नव्हता, साधी शंका होती, आणि त्यामुळेच ती डोक्यात राहिली. रागावले असते तर दोन वाक्यं बोलून विषय संपला असता. मी म्हटलं, सर, आपण वेदरमुळे उत्तरेकडून वळसा घेऊन आलो. ते म्हणाले, हो, पण ते तर सरळ आले. मग छत्री उघडली आणि गाडीकडे गेले.

झालं होतं ते असं. औरंगाबाद मागे पडल्यावर रडारवर पहिले ठिपके यायला लागले आणि अकोल्याच्या अलीकडे स्क्रीनवर पूर्ण रांगच दिसायला लागली. यवतमाळपासून वर्ध्याकडे वर चढत गेलेली, मधे मधे लाल, म्हणजे जोरदार पाऊस. बाहेर अजून ऊन होतं. डावीकडे मागून येणारा तिरपा पिवळा प्रकाश आणि समोर ते ढग, पायथ्याशी निळे-काळे आणि वरचे माथे अक्षरशः पेटल्यासारखे नारिंगी. विदर्भातले मे महिन्यातले सीबी ज्याने छत्तीस-अडतीस हजार फुटांवरून संध्याकाळच्या उन्हात बघितले नाहीत त्याला ते सांगून कळणार नाहीत असं मला वाटतं. (सीबी म्हणजे क्युम्युलोनिंबस, गडगडाटी वादळाचा उंच ढग, आमच्यात कोणी पूर्ण नाव घेत नाही.) मी आधी कडा बघते. माथा फ्लॉवरच्या ताज्या गड्ड्यासारखा घट्ट, रेखीव असेल तर तो ढग अजून वाढतोय, कडा विस्कटून धुरकट झाल्या असतील तर त्याचा जोर ओसरतोय. त्या दिवशीचे सगळे घट्ट होते, आणि वाढताना डोळ्यांना दिसत होते, म्हणजे एक मिनिट दुसरीकडे बघून परत बघितलं की माथा वर सरकलेला.

रांगेत एक फट होती. स्क्रीनवर दोन लाल पट्ट्यांच्या मधे काळी जागा, नागपूरच्या बरोबर रेषेत. माझा को-पायलट म्हणाला, मॅम, गॅप आहे. होताच. पण दोन बाजूंचे सेल, म्हणजे वादळाचे गाभे, मोजले तर मधलं अंतर पंधरा मैलांच्या आसपास येत होतं, आणि आमचा नियम असा की जोरदार सेलपासून वीस नॉटिकल मैल लांब राहायचं, म्हणजे दोन तगड्या सेलच्या मधून जायचं तर निदान चाळीस मैल मोकळे पाहिजेत. शिवाय त्या काळ्या जागेच्या पलीकडे काय आहे ते मला दिसत नव्हतं. मी कंट्रोलला डावीकडे डिव्हिएशन मागितलं, मिळालं, आणि आम्ही बैतूलकडे सातपुड्यावर निघालो. वीसेक मिनिटं जास्त लागली.

काळी जागा म्हणजे मोकळी जागा असं नसतं, हे आमच्या धंद्यात सगळ्यात आधी शिकवतात आणि सगळ्यात उशिरा अंगात मुरतं.

आमच्यासारख्या छोट्या जेटच्या नाकात रडारची जी तबकडी असते ती साधारण बारा इंचांची. एअरलाइनच्या विमानात ती अठ्ठावीस-तीस इंचांची असते. तबकडी लहान तितका किरण पसरट. आमचा किरण जवळजवळ आठ अंशांचा, म्हणजे साठ मैल पुढे गेल्यावर त्याची उभी जाडी अठ्ठेचाळीस हजार फूट होते! त्यात वर्ध्याची जमीनही आली, ढगाचं पोटही आलं आणि माथाही आला, आणि स्क्रीनवर या सगळ्याचा मिळून एक रंग. मग टिल्टचं बटण घेऊन बसायचं, किरण थोडा खाली, थोडा वर, जमीन कुठे संपते आणि पाऊस कुठे सुरू होतो ते शोधत. फार वर नेला तर ढगाचा गोठलेला माथा येतो, तिथे बर्फाचे कोरडे स्फटिक आणि कोरड्या गारा, त्या रडारला नीट दिसतच नाहीत, स्क्रीनवर फिकट हिरवं आणि प्रत्यक्षात समोर भिंत. त्यात विमानातल्या रडारची तरंगलांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. जमिनीवरच्या मोठ्या डॉप्लर रडारची दहा असते म्हणून ते पावसातून आरपार बघू शकतात. आमचा किरण दाट पावसात शिरला की तिथेच खर्ची पडतो, परत येत नाही, आणि त्या पावसामागे जे काही असेल ते काळं दिसतं. त्याला शॅडो म्हणतात. लाल रंगाच्या मागची ती सावली बघून 'पुढे क्लिअर आहे' असं वाटणं अगदी सहज आहे, तिथे डोळ्यांचा काही दोष नसतो.

४ एप्रिल १९७७ ला अमेरिकेत जॉर्जियावर सदर्न एअरवेजचं डीसी-९ असंच गेलं. क्रूने रडारवर जागा शोधली, आणि जिथे वाट वाटली तिथे त्या भागातला सगळ्यात जोरदार पाऊस आणि गारा होत्या. इतकं पाणी आणि इतक्या गारा आत गेल्या की दोन्ही इंजिनं बंद पडली. इंजिन नसलेलं विमान त्यांनी न्यू होप नावाच्या गावात हमरस्त्यावर उतरवायचा प्रयत्न केला. सत्तरहून जास्त माणसं गेली, त्यात रस्त्याकडेचीही होती. ट्रेनिंगमध्ये हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला त्या गारांपेक्षा तो हमरस्ता जास्त लागला, तिथे उभी असलेली माणसं ज्यांचा त्या ढगाशी काहीच संबंध नव्हता.

पण मला छळत होतं ते रडार नव्हे.

त्या रात्री हॉटेलात जेवताना त्या दुसऱ्या विमानाचा कॅप्टन भेटला. ओळखीचाच, शांत माणूस, माझ्यापेक्षा सीनिअर, उगाच धाडस करणाऱ्यातला नाही. मी विचारलं, कसं होतं? म्हणाला, गॅप होता, थोडं हललं, आलो. आणि वरणभात कालवायला लागला. मला त्याचा राग आला नाही. तो खोटं बोलत नव्हता, तो पोचला तेव्हा ती फट कदाचित खरंच रुंद झाली असेल, उजवीकडचा सेल मरायला लागला असेल, त्याची तबकडी माझ्यापेक्षा मोठी होती, त्याला पलीकडचं दिसलं असेल. आमच्या दोघांच्या मधे फार तर दहा मिनिटं असतील आणि मे महिन्यातल्या सीबीला दहा मिनिटं पुष्कळ झाली. त्याचं बरोबर असेल. पण मग माझं काय? मी वळसा घातला आणि काही झालं नाही. तो सरळ आला आणि त्यालाही काही झालं नाही. दोघांची पाटी सारखीच कोरी, फक्त माझं इंधन जास्त जळालं आणि माझा माणूस उशिरा पोचला. मी जे टाळलं ते तिथे होतं का, हे मला या जन्मात कळणार नाही. डॉक्टरने ऑपरेशन केलं तर आत काय होतं ते त्याला बघायला मिळतं. आम्ही बाजूने निघून जातो, आणि तासाभरात तो ढगही पाऊस पाडून मोकळा होतो, त्याची खूण राहत नाही.

या विचारात असताना मला डॅलसची केस सारखी आठवत होती. २ ऑगस्ट १९८५, डेल्टाची १९१ नंबरची फ्लाइट, मोठं ट्रायस्टार विमान, संध्याकाळची वेळ, विमानतळाच्या उंबरठ्यावर एक सेल. को-पायलटला समोरच्या ढगात वीज दिसली, तो तसं बोललाही. अशा ढगाखालून येणारं विमान आधी समोरच्या वाऱ्यात शिरतं, स्पीड वाढतो, पायलट पॉवर कमी करतो, मग वरून हवेचा लोंढा खाली दाबतो आणि लगेच मागून वारा लागतो, स्पीड एकदम गायब. मायक्रोबर्स्ट. वादळांचे अभ्यासक टेत्सुया फुजिता यांनी दहा वर्षं आधी न्यूयॉर्कच्या अपघातावरून हे मांडलं होतं. ते तरुणपणी नागासाकीला बॉम्बनंतरची पाहणी करायला गेले होते, मध्यापासून बाहेर पडलेली झाडं त्यांनी तिथे पाहिली होती आणि पुढे अमेरिकेत वादळानंतर जंगलावरून उडताना त्यांना झाडं तशीच पडलेली दिसली. डेल्टाच्या त्या विमानातली सव्वाशेहून जास्त माणसं गेली. आणि त्या विमानाच्या अगदी पुढे, त्याच रनवेवर, त्याच पावसातून एक लिअरजेट उतरलं होतं. बिझनेस जेट. सुखरूप.

त्या लिअरजेटच्या क्रूबद्दल मी खूपदा विचार करते. त्यांच्यासाठी ते एक लँडिंग होतं, जोराचा पाऊस लागला, रनवे दिसला, उतरले. मागच्याला मात्र त्यांचं पोचणं हा एक प्रकारचा दाखला झाला, कोणी काही न बोलताच.

पुढे १९९९ मध्ये एमआयटीच्या लिंकन लॅबच्या दोघांनी त्याच डॅलस विमानतळावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. येणारी एअरलाइनची विमानं वादळी सेलसमोर आल्यावर काय करतात, वळतात की घुसतात. तर सुमारे दोन तृतीयांश वेळा घुसतात. आणि कधी जास्त घुसतात? पुढे दुसरं विमान गेलेलं असेल तेव्हा. पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झालेला असेल तेव्हा. अंधार पडल्यावर. आणि विमानतळ जवळ आलेला असेल तेव्हा. मी हे वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण आमच्या चार्टरच्या कामात ही चारही एकदम हजर असतात. दिवसभर माणूस मीटिंगमध्ये अडकलेला, निघायलाच उशीर, पोचायला रात्र, छोटा विमानतळ, आणि 'अमुक साहेबांचं विमान तर आत्ताच उतरलं' असं ग्राउंडवाल्याने फोनवर सांगितलेलं. निवडणुकीच्या उन्हाळ्यात तर विचारूच नका, दिवसाला चार-पाच सभा, प्रत्येक सभेला हजारो लोक उन्हात बसलेले, आणि एप्रिल-मे म्हणजे नेमका वळवाचा हंगाम.

शिवाय आमच्याकडे दार नसतं. एअरलाइनच्या पायलटच्या मागे कुलूपबंद दार असतं, पलीकडे दीडशे माणसं असली तरी त्यांचा एकही चेहरा दिसत नसतो. आमच्याकडे फार तर एक पडदा, तोही बहुतेक वेळा सरकवलेला, आणि हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर माणूस बसलेला असतो ज्याने विमानाचे पैसे दिलेत. त्याला माझी स्क्रीन दिसते. ते पुढे वाकून विचारतात, हे लाल म्हणजे काय, आणि हे काळं? एक आजी होत्या, मुलाबरोबर हैदराबादला ऑपरेशनसाठी चाललेल्या, मी विमान वळवताना त्या म्हणाल्या, बाई तू घे सावकाश, मला काही घाई नाही. त्यांना घाई होती, खरं तर. असा माणूस क्वचित भेटतो. बाकीचे वाईट असतात असं अजिबात नाही, त्यांना खिडकीतून निळं आकाश दिसतं आणि निळ्या आकाशात विमान का वळतंय ते कळत नाही. ऐरणीसारखा पसरलेला जो ढगाचा वरचा भाग असतो त्याच्याखाली बाहेर कोरड्या हवेतही गारा पडू शकतात, वाऱ्याच्या दिशेला कितीतरी मैल लांब, हे त्यांनी का माहीत करून घ्यावं?

वरूनही जाता येत नाही, हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. आमच्या सायटेशन जेटला ४५ हजार फुटांपर्यंत परवानगी आहे, अगदी महागड्या जेटना ५१ हजार. आपल्याकडे उन्हाळी सीबीचे माथे पन्नास हजारांच्या वर सहज जातात. आणि वर हवा इतकी विरळ की विमानाला कमाल आणि किमान स्पीडच्या मधे बोटभर जागा उरते, तिथे एक दणका बसला तर काय, हा विचारही नको. म्हणून बाजूनेच जायचं.

माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं. आप्पांचं शेत, विहिरीवरचं लिंबाचं झाड, आणि मे महिन्यात दुपारी चारनंतर सगळ्यांची नजर नैर्ऋत्येला. लहानपणी मला त्या ढगांचा वास आधी यायचा, मग गार वारा सुटायचा, धूळ उडायची, वाळत घातलेलं सगळं आत घ्यायची पळापळ. तो गार वारा म्हणजे ढगातून खाली आपटून पसरलेली हवा, जिच्यासाठी आम्ही सिम्युलेटरमध्ये घामाघूम होतो, हे मला पंचविशीत कळलं. तोवर तो माझ्यासाठी फक्त सुखाचा वारा होता, आणि अजूनही आहे, दोन्ही एकाच वेळी. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली तेव्हा आप्पांचा गहू आडवा झाला, हरभरा काढून ठेवलेला तो गेला, शेजाऱ्यांच्या मोसंबीची साल गारांनी सोललेली. आई सांगत होती की गारा वितळेपर्यंत अंगण पांढरं होतं आणि कोंबड्या मेलेल्या होत्या. आमच्या गावात एकाचा बैल विजेने गेला, झाडाखाली बांधलेला. विजेने देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात, बहुतेक अशीच, शेतात, उघड्यावर. मी त्या ढगापासून वीस मैल लांब जाऊ शकते. आप्पांना कुठे जाता येतं.

आणि त्याच ढगाकडे मुद्दाम जाणारेही आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या लोकांनी सोलापूरला तळ ठोकून प्रयोग केले, २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात, पर्जन्यछायेत ढगांत बीज पेरून पाऊस वाढतो का बघायला. छोटं विमान ढगाच्या पोटाखाली जातं, वर चढणारी हवा शोधतं आणि पंखावरच्या नळकांड्यांतून मिठाचे कण सोडतं. आम्ही ज्याला टाळतो ती वर जाणारी हवा त्यांना पाहिजे असते. अर्थात ते कोवळे ढग निवडतात, पेटलेले नाही. मला त्यांच्याबरोबर एकदा जायला फार आवडलं असतं.

२१ मे २०२५ ला दिल्लीहून श्रीनगरला जाणारं एअरलाइनचं विमान पठाणकोटजवळ गारांत सापडलं. आतले व्हिडिओ सगळ्यांनी बघितले, माणसं ओरडतायत, सामान उडतंय. श्रीनगरला उतरल्यावर नाकाचा पुढचा भाग फाटलेला दिसला, म्हणजे रडारची तबकडी ज्या टोपीखाली असते तीच. सव्वादोनशे माणसं सुखरूप उतरली. मोठं विमान, मोठी तबकडी, दोन प्रशिक्षित माणसं. आप्पांनी तो व्हिडिओ मला पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. मी फोन केला. म्हणाले, तू बघितलंस का? म्हटलं, हो. म्हणाले, तुझं तर याहून लहान असतं ना. मी त्यांना तबकडी, वीस मैल, वळसा, सगळं सांगत बसले आणि ते ऐकत होते, मधे मधे हूं म्हणत. शेवटी विचारलं, वळायला तेल पुरतं का?

आप्पांना ट्रॅक्टरच्या तेलाचा हिशोब कळतो म्हणून त्यांनी नेमकं बोट ठेवलं. वळसा घालायचा की नाही हे आभाळात ठरतं असं लोकांना वाटतं, पण ते बरंचसं आदल्या संध्याकाळी इंधन ठरवताना ठरलेलं असतं. छोट्या जेटमध्ये टाकी भरली तर सीटा भरता येत नाहीत, आणि सीटा भरल्या तर टाकी. इंधन कमी असलं की स्क्रीनवरची प्रत्येक फट रुंद दिसायला लागते, माणसाला स्वतःला कळत पण नाही. त्या नागपूरच्या संध्याकाळी मी सातपुड्यावरून जाऊ शकले कारण टाकीत तेवढं होतं. नसतं तर मीही त्या काळ्या जागेकडे फार वेळ बघितलं असतं, आणि पुढे कोणी गेलंय का हे विचारलं असतं.

आता पाऊस जवळ आलाय. मान्सूनमधले सीबी उघड्यावर उभे राहत नाहीत, राखाडी थरांच्या आत लपलेले असतात, कडा बघायला मिळत नाही, सगळा भरवसा त्या बारा इंचांवर. उद्या मुंबई-नांदेड आहे, सहा जण आणि त्यांचं सामान, दुपारी परत, आणि नांदेडच्या फोरकास्टमध्ये दुपारनंतर गडगडाट दिलाय. मी ऑपरेशन्सला चाळीस मिनिटांचं जास्तीचं इंधन सांगितलं. मग पॅसेंजरच्या ऑफिसातून फोन आला की एवढं कशाला, सामान ठेवावं लागेल मागे. मी म्हटलं, दोन मोठ्या बॅगा गाडीने पाठवा, मला लातूरवरून फिरून यावं लागेल. हो म्हणाले, जरा थांबून.